शून्य दशांश सात पाच दोन

प्रकाश कधी चुकत नाही. हिरव्या प्रकाशाची वारंवारिता पाचशे चाळीस टेराहर्ट्झच्या आसपास असते आणि ती विश्वाच्या कुठल्याही कोपऱ्यात, कुठल्याही युगात आणि कुठल्याही सरकारात तेवढीच राहते. घाटंजीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मात्र सव्वीस फेब्रुवारीच्या दुपारी ती चोपन्नवर अडली, कारण पांढरा ऑइलपेंट संपला होता.

प्रयोगशाळा सहायक नागोराव ढोके स्टुलावर उभे राहून डब्याच्या तळाशी ब्रश फिरवत होते. ब्रश कोरडाच वर येत होता.

"टर्पेंटाइन टाका अन पातळ करा," खालून स्टूल धरून उभा असलेला शिपाई नेमसिंग राठोड म्हणाला. "शून्य तं आहे. फिकं झालं तरी शून्यच राह्यते."

नेमसिंग आणि नागोराव एकाच वर्षी नोकरीला लागले होते. त्यामुळे नेमसिंगला भौतिकशास्त्रात मत देण्याचा अधिकार आहे, असं दोघंही धरून चालत.

भिंतीवरचा हा तक्ता नागोरावांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी स्वतः रंगवला होता. वर मथळा, 'वारंवारितेच्या एककांचे रूपांतर'. खाली रकाने: हर्ट्झ, किलो, मेगा, गिगा, टेरा, पेटा. प्रत्येक घर आधीच्या हजारपट. अगदी शेवटी, थोडा दाटीवाटीने घुसवलेला, 'पर सेंटीमीटर' असा एक रकाना. इतक्या वर्षांत हा तक्ता कोणी वापरल्याचं ऐकिवात नव्हतं. मुलं प्रवेश घाटंजीत घेत, शिकायला यवतमाळच्या क्लासला जात आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात येऊन तक्त्याकडे पाठ करून एकमेकांची जर्नलं उतरवत. तरी नागोराव दर दोन वर्षांनी सगळे आकडे गिरवून घेत. न वापरलेला आकडा लवकर पुसट होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

प्राचार्य इंद्रजित गावंडे निमंत्रणपत्रिका घेऊन आत आले. त्यांचा विषय राज्यशास्त्र. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि यात फाईव्ह-जी कुठे आहे, असं विचारलं. नागोरावांनी गिगाच्या रकान्याकडे ब्रश दाखवला. मग ते ठळक लिहा, पाहुण्यांना बरं वाटेल, असं सांगून प्राचार्यांनी पत्रिका वर दिली.

अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन होता आणि त्याच दिवशी नागोराव निवृत्त होत होते. महाविद्यालयाने दोन्ही समारंभ एकाच मांडवात बसवले होते. पत्रिकेत 'विज्ञान दिन' मोठ्या अक्षरांत आणि 'तसेच श्री. ढोके यांचा निरोप समारंभ' लहान अक्षरांत होतं. मध्ये प्रमुख पाहुण्यांचं नाव होतं. डॉ. अनघा हरकरे, ज्येष्ठ शास्त्रज्ञ, बंगळूर.

मॅडम मूळच्या यवतमाळच्या, प्राचार्य सांगत होते. वडील वारले, त्यामुळे जुनं घर रिकामं करायला आल्या आहेत. त्यांचे चुलतभाऊ संस्थेच्या सचिवांच्या ओळखीचे, म्हणून जमलं.

नागोराव स्टुलावरून उतरले. उतरताना त्यांनी आधाराला भिंतीवर हात टेकला आणि पाचशे चाळीसमधल्या ओल्या चारावर त्यांचा अंगठा उमटला.

प्राचार्य गेल्यावर नेमसिंगने अंगठ्याकडे पाहिलं, मग नागोरावांकडे पाहिलं.

"कार्डवाली होय काय?"

"हाव," नागोराव म्हणाले.

 नेमसिंग टर्पेंटाइन आणायला गेला.

*

अनघा हरकरे आणि नागोराव ढोके यवतमाळला बी.एस्सी.ला एकाच बॅचमध्ये होते. प्रॅक्टिकलच्या जोड्या हजेरीच्या क्रमाने लागत. ढोके आणि हरकरे यांच्यामध्ये येणारे दोघंजण पहिल्याच महिन्यात पॉलिटेक्निकला निघून गेले, एवढ्यावर ही जोडी जमली. ती दुर्बिणीतून पाही आणि मोठ्याने आकडा सांगे. तो लिहून घेई आणि गणित करी. तो तिला 'हरकरे' म्हणे, ती त्याला 'ढोके'. तीन वर्षांत तो तिच्या घरी एकदाच गेला, तिचं जर्नल परत द्यायला. तिच्या वडिलांनी ते फाटकावरूनच घेतलं. फाटक उघडायची गरज पडली नाही, कारण ते बुटकं होतं.

शेवटच्या वर्षाच्या पेपरात नागोराव तीन मार्कांनी राहिले, दुसऱ्यांदा बसून पास झाले आणि घाटंजीला प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. अनघा पुण्याला पीएच.डी. करायला गेली. जगाच्या रीतीप्रमाणे इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण अनघाच्या गाईडची एक सवय होती. कुठलाही तक्ता दोन हातांनी झाल्याशिवाय ते मानत नसत. एकाने यंत्रावर करायचा आणि दुसऱ्याने, दूर बसून, पहिल्याचं उत्तर न बघता, कागदावर. मग ताडून पाहायचा. संस्थेत कागदावर गुणाकार करायला कोणी तयार नव्हतं. सगळे शास्त्रज्ञ होते. तेव्हा अनघाला दशांशचिन्हाला जपणारा एक माणूस आठवला.

ती जोडकार्ड पाठवी. पोस्टाचं ते दुहेरी कार्ड आता मिळत नाही. एक अर्धं आपण लिहायचं, दुसरं अर्धं कोरं ठेवून त्यावर आपलाच पत्ता घालायचा; समोरच्याने ते फाडून उत्तरादाखल टाकायचं. कार्डावर बारीक अक्षरात आकडे असत. बंद नळीत वायू भरून, त्यातून डोळ्यांना न दिसणारा किरण सोडून तिने मोजलेले. एका सेंटीमीटरात किती लाटा मावतात, तो आकडा ती पाठवी. एका सेकंदात किती लाटा जातात, ते नागोराव काढत. एकोणतीस दशांश नऊ सात नऊने गुणलं की गिगाहर्ट्झ. त्याला हजाराने भागलं की टेराहर्ट्झ. गणित असं काही अवघड नव्हतं. पण नागोराव ते दोनदा करत, एकदा सकाळी आणि एकदा कॉलेज सुटल्यावर, आणि दोन्ही जुळलं तरच कार्डावर उतरवत. भिंतीवरच्या तक्त्यात शेवटचा रकाना त्याच वर्षी घुसला.

तीन वर्षांत एकतीस कार्डं आली. त्यांत 'प्रिय' नव्हतं, 'स.न.' नव्हतं, खुशाली नव्हती. नागोरावांनी तर कधी तिचं नावही लिहिलं नाही, कारण उत्तराच्या बाजूला ते तिनेच लिहिलेलं असे. त्यांनी फक्त आकडे भरायचे.

दुसऱ्या वर्षाच्या जुलैत एकदा त्यांची खरोखरच चूक झाली. पुढच्या कार्डाच्या कोपऱ्यात तीन वाक्यं आली. 'सहाव्या ओळीत दशांश एक घर घसरला आहे. झोपेत होतात की काय? पुण्यात पाऊस आहे.'

हे कार्ड नागोरावांनी इतर कार्डांहून वेगळं ठेवलं नाही. पण गठ्ठ्यात ते नेहमी वर असे. चुकीबद्दल त्यांना वाईट वाटलं. पहिल्या वाक्याने वाटलं, तसं दुसऱ्या दोन वाक्यांनी वाटलं नाही.

एकतिसावं कार्ड पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलं. बारा ओळी होत्या. नवव्या ओळीत पंचवीस दशांश शून्य आठ पाच एक. गुणाकार सातशे बावन्न गिगाहर्ट्झ, म्हणजे शून्य दशांश सात पाच दोन टेराहर्ट्झ. सकाळी तेच आलं, संध्याकाळी तेच आलं. नागोराव बराच वेळ पेन धरून बसले. मग त्यांनी नवव्या ओळीत सात दशांश पाच दोन लिहिलं. काही खोडावं लागलं नाही. फक्त सुरुवातीचं शून्य लिहिलं नाही आणि दशांशचिन्ह एक घर पुढे ठेवलं.

आंधळ्यालाही दिसेल अशी ती चूक होती. ती अनघाला दिसणारच होती. म्हणूनच तर केली होती.

पुढच्या आठवड्यात टपाल घेऊन आलेल्या नेमसिंगला त्यांनी कार्ड आहे का, असं विचारलं. पुढच्या महिन्यातही विचारलं. दिवाळीनंतर नेमसिंग त्यांनी विचारायच्या आधीच मान हलवू लागला. आपणहून पत्र टाकावं असं नागोरावांच्या मनात आलं, पत्ता तर पाठच होता. पण आपणहून लिहिण्याची पद्धत त्यांच्यात नव्हती. उत्तराचं अर्धं आल्याशिवाय उत्तर कुठे लिहिणार? पुढच्या उन्हाळ्यात मारेगावच्या कांताबाईशी त्यांचं लग्न झालं. त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

राहिला तो एक प्रश्न. चूक तिला दिसली का? दिसली असेल, तर ती मुद्दाम का केली हे तिला कळलं होतं, आणि म्हणून तिने रागावणंही टाळलं. दिसली नसेल, तर तिने त्यांच्यावर इतका विश्वास टाकला की ताडूनही पाहिलं नाही, आणि नागोराव ढोक्यांनी मुद्दाम चुकवलेला एक आकडा कुणाच्या तरी प्रबंधात, तिथून कुणाच्या तरी यंत्रात जाऊन बसला. यातलं कुठलं जास्त वाईट, हे त्यांना तीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं. पेपरात एखादा उपग्रह भरकटल्याची बातमी आली की ते बातमी दोनदा वाचत आणि जेवायला उशिरा येत.

*

अठ्ठावीसच्या सकाळी कांताबाईंनी इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टाकला आणि चहाचा कप त्याच्या शेजारी ठेवला. मुलगी प्रियंका नागपूरला दिलेली; घरात दोघंच होती.

"तुमची आकडेवाली येऊन राह्यली म्हणे," कांताबाई म्हणाल्या.

नेमसिंगच्या बायकोचं आणि त्यांचं भाजीच्या गाडीवर बोलणं होत असे. नागोरावांनी बशीत चहा ओतला.

"मले काय सांगायचं नव्हतं काय?"

"सांगनार होतो."

"कधी? ते गेल्यावर?" कांताबाई समोर बसल्या. "मी वाचेल हायेत ते कार्डं. लगन झालं त्याच साली वाचले. तुमी गेलते कापसावर, अन मी सगळे काढून वाचले एक एक. मले वाटलं, काय नाई तं एखादी तरी ओळ सापडन. पंचवीस दशांश शून्य आठ. छत्तीस दशांश सहा. एवढाले कार्डं अन रडाले एक ओळ नाई त्याच्यात."

 लग्नानंतरच्याच वर्षी कार्डं कॉलेजातल्या स्पेक्ट्रोमीटरच्या पेटीत गेली होती, कारण ती पेटी कोणी उघडत नसे. कांताबाईंना कार्डांचं ठाऊक नसेल असं नागोरावांनी इतकी वर्षं धरून चाललं होतं.

"त्याच्यात एक चूक हाय माही," ते म्हणाले. "मुद्दाम केलती."

"कायले?"

याचं उत्तर त्यांच्याकडे गिगाहर्ट्झमध्ये होतं, पण मराठीत नव्हतं.  कांताबाईंनी शर्टाची कॉलर उगाच सरळ केली.

"मंग इचारून घ्या आज एकदाचं," त्या म्हणाल्या. "तिकडे उपग्रह पडते अन इकडे माही भाकर थंडी होते."

*

मांडव कॉलेजच्या पटांगणात होता. मागे फ्लेक्स लागला होता, त्यावर पृथ्वी, एक सूक्ष्मदर्शक, संस्थाध्यक्षांचा फोटो आणि प्राचार्यांच्या आग्रहाखातर नागोरावांच्या तक्त्यातली एक ओळ: '१ टेराहर्ट्झ = १०१२ हर्ट्झ'. दहाच्या डोक्यावर जो बारा लहान आकारात बसायला हवा, तो फ्लेक्सवाल्याने खाली उतरवून दहाच्या शेजारी बसवला होता. फोन केल्यावर तो म्हणाला, आमच्या मशीनमध्ये आकडा वर चढत नाही. त्यामुळे एक लाख कोटी लाटा ज्या सेकंदात जायच्या, त्यात घाटंजीपुरत्या एक हजार बारा जात होत्या. प्राचार्यांचं म्हणणं, लांबून लक्षात येत नाही. नागोरावांनी पांढऱ्या कागदाचा चौकोन कापला, त्यावर लहान बारा काढला आणि डिंक घेऊन स्वतःच्या निरोप समारंभाच्या मंचावर स्टूल लावलं.

ते चौकोन चिकटवत असताना मागून बाईचा आवाज आला.

"अजून थोडा वर घ्यायला हवा."

"घेऊन राह्यलो," नागोराव म्हणाले. मग त्यांचा हात थांबला. आवाज जाड झाला होता. पण दुर्बिणीला डोळा लावून आकडा सांगताना तो जसा शेवटी खाली येई, तसाच आताही आला होता.

ते वळेपर्यंत प्राचार्य पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला घेऊन गेले होते. पाठ दिसली. केस आखूड आणि पांढरे, पायात बूट. तीस वर्षं नागोराव मनातल्या मनात जिला 'ती' म्हणत आले होते, तिला आता 'त्या' म्हणावं लागणार हे त्यांच्या स्टुलावरच लक्षात आलं.

समारंभ रीतीप्रमाणे झाला. प्राचार्यांनी मॅडमच्या संशोधनामुळे आपल्या सर्वांचे मोबाईल चालतात असं सांगितलं; मॅडमनी ते खोडलं नाही. मॅडमनी वीस मिनिटं भाषण केलं. मोजणं म्हणजे काय, आकडा एका एककातून दुसऱ्यात नेताना माणूस कुठे घसरतो, आणि एका हाताच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं त्यांचे गाईड कसं म्हणत. 'दुसऱ्या हाता'विषयी त्या बोलतील म्हणून पहिल्या रांगेत नागोराव जरा सरळ बसले. मॅडम पाणी प्यायल्या आणि संगणकाच्या विषयाकडे वळल्या.

मग निरोपाचं. प्राचार्यांनी नाव वाचलं. मॅडम शाल उलगडत पुढे आल्या आणि थबकल्या.

"ढोके?" त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण माईक चालू होता. "तुम्ही इथेच होतात?"

"हाव," नागोराव म्हणाले. "इथंच."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शाल, श्रीफळ, फोटो. फोटोत दोघांच्या मध्ये प्राचार्य आले.

*

आलुबोंडा आणि चहा झाल्यावर मॅडमनी प्रयोगशाळा बघायची आहे असं सांगितलं. प्राचार्य सोबत निघाले होते. पण संस्थाध्यक्षांना परत जायचं होतं आणि राज्यशास्त्राने त्यांना तिकडे ओढलं. नेमसिंगने कुलूप काढलं, दार उघडलं आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात उभा राहिला.

अनघाबाई आधी तक्त्यापाशी गेल्या. आपण शाळकरी मुलीसारखं करतो आहोत हे न जाणवता त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं आणि ओठांत पुटपुटत खालपर्यंत आल्या. पाचशे चाळीसपाशी, अंगठ्याच्या ठशावर, बोट थोडं थांबलं.

"सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हा पर सेंटीमीटरचा रकाना इथे कशाला?"

"राहू दिला," नागोराव म्हणाले.

त्यांनी कपाटातून स्पेक्ट्रोमीटरची पेटी काढून टेबलावर ठेवली. झाकण उघडलं. आत पितळेचं यंत्र होतं आणि त्याच्या बगलेत, प्रिझमच्या खाचेत, सुतळीने बांधलेला गठ्ठा. अनघाबाईंनी चष्मा वर केला. वरचं कार्ड त्यांनी वाचलं आणि स्वतःचं अक्षर पाहून कोणी हसतं तसं हसल्या.

"झोपेत होतात की काय," त्यांनी वाचलं. "काय उद्धट होते मी. ही सगळी ठेवलीत तुम्ही? चांगली राहिलीत."

"या पेटीत ओल येत नाई."

बाहेर नेमसिंग खोकला. पटांगणात खुर्च्या एकात एक घालण्याचा आवाज येत होता. गाडीवाल्याने एकदा हॉर्न दिला. नागोरावांनी शालीची घडी टेबलावर ठेवली, मग पुन्हा हातात घेतली.

"मॅडम, ते शेवटचं कार्ड," ते म्हणाले. "ऑगस्टातलं. त्याच्यात नवव्या ओळीत मी सात दशांश पाच दोन लिवलं होतं. शून्य दशांश सात पाच दोन पाह्यजे होतं."

एवढं बोलायला तीस वर्षं लागली होती आणि बोलून झालं तेव्हा ते दोन वाक्यांचंही नीट भरलं नाही.

 अनघाबाईंची नजर टेबलावर गेली. एखादी जुनी वही मनात उलटत असाव्यात.

"हो," त्या म्हणाल्या. "दशांश घसरला होता. दिसला मला. मी तर जोडकार्ड काढून पत्ताही घातला होता तुमचा. पुन्हा झोपेत होतात का, असं लिहिणार होते."

"मंग?"

"मग तो तक्ताच रद्द झाला." त्यांनी सहज सांगितलं, जशी माणसं बसची बदललेली वेळ सांगतात. "आमच्या नळीला गळती होती. बाहेरची हवा आत शिरत होती, पावसाळ्याची. आम्हाला वाटलं नवीन रेषा सापडल्यात. त्या सगळ्या हवेतल्या पाण्याच्या वाफेच्या निघाल्या. बाराच्या बारा. गाईड चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. नंतर संगणक आला, तो दोन्ही हातांनी करायचा." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "तक्ताच राहिला नाही, तर चूक कळवायची कशाला, असं झालं."

"बराबर आहे," नागोराव म्हणाले.

"आधीचे सगळे तुमचे तक्ते प्रबंधात आहेत हं. आभारातही नाव आहे तुमचं. बहुतेक." मग त्यांना एकदम काही सुचलं असावं, कारण त्या पेटीकडून नागोरावांकडे वळल्या. "पण ढोके, तुम्ही हजाराने भागायला चुकणारे नव्हतात. एवढी ढोबळ चूक कशी झाली तुमच्याकडून?"

हाच प्रश्न नागोरावांना हवा होता. जसा हवा होता तसाच, रागावल्यासारखा, शेवटी आवाज खाली आणून, त्या विचारत होत्या. नागोरावांनी सुतळीची गाठ पुन्हा बांधली. वरचं कार्ड वरच राहील असं पाहिलं.

"झोपीत होतो," ते म्हणाले.

अनघाबाई हसल्या. नागोरावही हसले. गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला. दारापाशी अनघाबाईंनी नमस्कार केला. मग काय वाटलं कोण जाणे, परत दोन पावलं आत येऊन तक्त्यावरच्या फिक्या शून्यावर बोट टेकवून पाहिलं. रंग वाळला होता. बोटाला काही लागलं नाही.

गाडी गेल्यावर नेमसिंगने चार्जची यादी काढली. सूक्ष्मदर्शक तीन, पैकी एक नादुरुस्त. स्पेक्ट्रोमीटर एक. तो पेटी उघडायला लागला, तेव्हा नागोराव म्हणाले, आत यंत्रच हाय, लिवून टाक. नेमसिंगने लिहून टाकलं. मग पेटी उघडून गठ्ठा काढला आणि शालीच्या घडीत सरकवला.

*

कांताबाई अंगणात तुरीच्या डाळीला ऊन देत होत्या. त्यांनी नागोरावांच्या हातातली शाल पाहिली, शालीचा फुगवटा पाहिला आणि डाळ पसरायचं काम चालूच ठेवलं.

"इचारलं?"

"हाव."

"मंग? पाह्यली होती काय चूक?"

"पाह्यली होती."

कांताबाईंचा हात थांबला. "अन तरी लिवलं नाई?"

"कामच नाई राह्यलं म्हणे. नळी फुटेल होती त्यायची. आपन मोजलं ते काई नव्हतंच." नागोराव पायरीवर बसले. "हवेतलं पानी होतं."

 कांताबाई उठल्या, शाल नागोरावांच्या हातातून घेतली, आतला गठ्ठा न काढता तशीच घरात नेली आणि लोखंडी कपाटात, प्रियंकाच्या लग्नातल्या साड्यांवर ठेवली. कपाटाचं दार लावून बाहेर आल्या आणि भाकरी गरम आहे, असं म्हणाल्या.

पाण्याच्या वाफेची ती रेषा सगळ्या पुस्तकांत पूर्वीपासून दिलेली आहे. घाटंजीतही ती शून्य दशांश सात पाच दोन टेराहर्ट्झलाच असते. फेब्रुवारीत हवा कोरडी असल्यामुळे जरा फिकी येते.